नवरीच्या खोलीतला सामना

वरुणराव तंजावूरच्या बसस्टँडवर गाड्या पुकारत असत. पापनाशमची कुठे लागली, कुंभकोणमची कधी सुटणार, हे ते दिवसभर मायक्रोफोनवरून तमिळमध्ये सांगत आणि मध्येमध्ये एखाद्या पट्टुसाडीच्या, म्हणजे रेशमी साड्यांच्या, दुकानाची जाहिरातही वाचत. आवाज भरदार होता, पण तो घरापर्यंत पोचत नसे. राजवाड्यामागच्या गल्लीत शिरले की माणूस मुका. त्यांची बायको भामा शाळेत शिकवायची. ती म्हणे, "सगळं बोलणं स्टँडवरच उधळून येता. घरच्या मराठीला काही उरत नाही."

२००३ साली, आषाढाच्या सुमारास येणाऱ्या तमिळ आडी महिन्यात त्यांची भाची विनुता घरी आली. तिचं ब्राउझिंग सेंटर होतं. सुरुवातीला लोक तिथे परदेशातल्या मुलांना ईमेल करायला येत. आता बहुतेक खुर्च्या खेळणाऱ्यांनी भरलेल्या असत. कॉम्प्युटर एकमेकांना तारांनी जोडलेले, आणि पडद्यावरच्या ओसाड शहरात एकजण दुसऱ्याला बंदूक घेऊन शोधतोय, असा तो खेळ. तिने स्पर्धा ठेवली होती आणि अंतिम सामना चारचौघांत व्हावा असं तिच्या मनात होतं. आडीत लग्नं नसतात, त्यामुळे ओळखीच्या मालकाने कल्याणमंडपम् वापरायला दिला होता.

"मामा, तुम्ही येऊन नावं तेवढी पुकारा."

"दोघं खुर्चीत बसून खेळणार, आणि लोक ते बघायला येणार?"

"क्रिकेट बघतात ते तरी खुर्चीत बसूनच की," विनुता म्हणाली.

वरुणराव गेले. सोबत भामाही गेली. मंडपात निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या. त्यांत खेळाडूंचे नातेवाईकच जास्त. व्यासपीठावर दोन कॉम्प्युटर ठेवले होते. एकावर मुरलीकृष्ण, फोटो स्टुडिओत काम करणारा. दुसऱ्यावर साईप्रिया, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरने मोठं चित्र पाडलं होतं आणि त्यात दोघांचीही हालचाल दिसत होती. खेळाडूंना मात्र दिसायचा तो आपापला पडदा.

वरुणरावांनी नावं पुकारली, सामना सुरू झाला. चित्र गरागरा फिरू लागलं. भिंत, जिना, धूर, पुन्हा भिंत. लोकांना काही उमगेना. कुणी जांभई दिली, कुणी कॉफीच्या निमित्ताने काढता पाय घेतला. मुरलीचे वडीलच शेजाऱ्याला विचारत होते, "यातला आमचा कुठला?"

विनुता मामांच्या कानाशी लागून काय चाललंय ते सांगत होती. थोड्या वेळाने वरुणरावांना धागा सापडला. उठणारी माणसं पाहून त्यांना राहवलं नाही. त्यांनी मायक्रोफोन उचलला आणि तमिळमध्ये बोलायला लागले. निळा शर्ट तो मुरली, हिरवी टोपी ती साईप्रिया. तो जिन्याने वर चाललाय, आणि त्याला ठाऊक नाही की ती खाली उतरली आहे.

दाराशी गेलेले दोघे परत येऊन बसले. वरुणरावांना जोर चढला. आवाज हळूहळू खाली आणत ते म्हणाले, "साईप्रिया पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसली आहे. मुरली बेसावध येतोय..."

मुरली गर्रकन वळला आणि त्याने थेट टाकीच्या मागे गोळ्या झाडल्या.

साईप्रियाने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि ती उभी राहिली. "अंकल, माझी जागा तुम्हीच सांगितलीत त्याला."

वरुणरावांनी जीभ चावली. तिच्या कॉलेजची मुलं आरडाओरडा करू लागली. मुरलीचा चेहरा पडला होता. "ऐकू आलं मला," तो म्हणाला, "आता कानात बोळे घालू काय?"

वरुणरावांनी मायक्रोफोन विनुतापुढे धरला. "मी गाड्या पुकारणारा माणूस. हे माझं काम नव्हे. जातो मी."

तेवढ्यात मुरलीचे वडील उठले. "तुम्ही गेलात तर आम्ही काय भिंत बघत बसायचं?"

हसू फुटलं, पण विनुता हसली नाही. तिची पंचाईत झाली होती. मामा बोलले तर खेळ बिघडत होता, गप्प राहिले तर मंडप रिकामा होत होता. ती तारांकडे बघत उभी राहिली.

भामा दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने जागेवरूनच मराठीत हाक दिली. "अगो विनुता, मागे नवरीची खोली मोकळीच आहे की. दोघांना आत बसीव आणि दार लाव."

टेबलं हलली. तारा दाराखालून आत ओढल्या. ज्या खोलीत नवऱ्यामुलीला गजरे माळायचे, तिथल्या आरशाकडे पाठ करून दोघे बसले, आणि एकमेकांचा कॉम्प्युटर दिसू नये म्हणून मध्ये एक कापड टांगलं. सामना पहिल्यापासून खेळायचा, असं साईप्रियाने बजावलं. मुरली कुरकुरला, पण तयार झाला.

आता वरुणराव मोकळे झाले. ते दबा सांगत, चाहूल सांगत, कुणाच्या गोळ्या संपत आल्या तेही सांगत. कुणी "मागे बघ रे!" असं ओरडलं तरी बंद दाराआड नुसता गलबला पोचत होता. मुरलीच्या वडिलांनी खुर्ची पुढे ओढली. शेवटच्या फेरीत साईप्रिया पुलाखालून निघाली आणि वर थांबलेल्या मुरलीने तिला टिपलं. मंडपभर एकदमच सुस्कारा उमटला.

दार उघडून साईप्रिया बाहेर आली, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती चक्रावली. "मी हरले ना?" तिने विनुताला विचारलं. विनुताने मान डोलावली. वरुणरावांपाशी जाऊन साईप्रिया एवढंच म्हणाली, "या खेपेला मला काहीच ऐकू आलं नाही." मग ती पाणी प्यायला गेली.

त्या आठवड्यात एका तमिळ पेपरने खेळांच्या पानावर, जिल्हा कबड्डीच्या निकालाखाली, या सामन्याच्या चार ओळी छापल्या. पुढच्या आडीत मंडप भरून लोक दाराबाहेर उभे होते. तिरुचीच्या एका कॉलेजानेही आपल्या स्पर्धेला वरुणरावांना बोलावून नेलं. घरी ते जेवताना भामाला डावपेच समजावू लागले, आणि तिला आता त्यांना गप्प करावं लागे.

मग एका मोठ्या कंपनीने तिरुचीची स्पर्धा हाती घेतली. सामना सांगायला चेन्नईहून इंग्रजी बोलणारे दोन तरुण आले. वरुणरावांना निरोप आला नाही. विनुता चिडली, तेव्हा ते म्हणाले, "त्यांना बंदुकांची नावं तरी बिनचूक येतात."

ते तिकीट काढून भामाबरोबर बघायला गेले. सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या फेरीनंतर भामाने विचारलं, "हे दोघे एवढं भरभर काय बोलताहेत?"

"मलाही अर्धंच कळतंय," वरुणराव म्हणाले, आणि पुढची फेरी नीट दिसावी म्हणून त्यांनी तिच्याशी जागा बदलून घेतली.