सातांतली तीन नावं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, देवासमोरसुद्धा मोठ्यानं नाही. आज तुम्हाला सांगते — ऐका म्हणजे झालं.

गोवा राज्य झालं त्याच्या आसपासची गोष्ट. धारगळजवळ आमच्या वाड्यावर मी आरोग्यसेविका होते. शिक्षण जेमतेम, गणिताची तर धास्तीच! पण आमच्या तरुण दाक्तरांनी मला एक गणित शिकवलं, पॉयसन नावाच्या गणितज्ञाचं. वाड्यावर महिन्याला सरासरी दोघांना जुलाब होतात, तर निव्वळ योगायोगानं सात किंवा जास्त जणांना व्हायची शक्यता किती? शून्य रुग्णांच्या शक्यतेचा आकडा तक्त्यातून घ्यायचा. तो दोननं गुणून एकानं भागला की एका रुग्णाचा. तो परत दोननं गुणून दोननं भागला की दोघांचा, मग तीननं भागायचं... असं सहापर्यंत. बेरीज एकातून वजा. चुलीवर भात शिजेपर्यंत माझं उत्तर निघायचं. काय अभिमान होता मला त्याचा!

मग एका महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सात नावं आली. उत्तर निघालं — हजार महिन्यांत चार-पाचदा. म्हणजे हा योगायोग नव्हे. आणि सातही घरं पाणी भरायची ती आमच्याच बांयवर, आमच्या परसातल्या विहिरीवर.

त्याच आठवड्यात नणंदेला बघायला साखळीहून पाहुणे यायचे होते. आमच्याच विहिरीनं लोक आजारी पडले म्हणून ती बंद झाली तर पाहुणे काय म्हणतील? सासूबाई म्हणाल्या, "गो बाय, पावणे येवन गेले की लिही तुझी नावां. नावां काय पळान जातत?"

सासूबाईंवर ढकलू? नाही. त्यांना गणित येत नव्हतं, मला येत होतं. मी काय केलं — किती नावं ठेवली तर दाक्तरांना शंका येणार नाही, तेच गणितानं काढलं. चार किंवा जास्त म्हणजे सात महिन्यांत एकदा होतंच. चार ठेवली. तीन पुढच्या महिन्यात टाकली — तारखा बदलून.

त्यानंतर चौथ्या दिवशी शेजारच्या कुसुमची दोन वर्षांची पोर त्याच पाण्यानं जुलाब होऊन सुकून गेली. डोळे खोल, रडायचीही ताकद नाही. म्हापशाच्या इस्पितळात नेली. वाचली हो, वाचली! पाहुणे गेल्यावर विहिरीत जंतू मारायची पावडर मीच टाकली, आणि दाक्तर माझ्या वहीकडे बघत म्हणाले, "मलाच कळायला हवं होतं." आणि मी? मी वही मिटून पिशवीत टाकली. त्यांची बदली झाली, ते स्वतःलाच दोष देत गेले.

कुसुमची पोर आता दोन मुलांची आई आहे, मला मावशी म्हणते. आणि नव्या आरोग्यसेविका माझ्याकडे हे गणित शिकायला येतात — हुशार आहेत पोरी, पाचवं नाव आलं की लगेच फोन करतात. त्यांच्यामुळे गेल्या पावसात एक विहीर वेळेवर बंद झाली.

उद्या सकाळी कुसुमच्या दारात जाईन, सगळं सांगेन. आणि सोमवारी पोरींना उदाहरण देईन ते हेच — खऱ्या तारखांसकट. विहीर कुणाची होती तेही, आणि तारखा कुणी बदलल्या तेही.