आवाज न येणारी खोली

मिस्त्रीला पाठीमागे सगळे ‘सूतभर’ म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढी फट दिसली तरी तो केलेलं काम उकलायचा आणि पुन्हा करायचा. बायको म्हणायची, मला बघायला आले तेव्हा यांच्या खिशात ओळंबा होता. यात हसण्यासारखं काय, ते मिस्त्रीला कधी कळलं नाही. ओळंबा खिशात होताच.

वेल्डरने त्याला आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक खोली काढायला बोलावलं. वेल्डरची आई घरात पडली होती. खुब्याचं हाड जुळलं, पण आता तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि सून दिवसभर कामावर. वेल्डरची बहीण, ताई, म्हणत होती की मी तिला माझ्या गावी नेते. आई म्हणत होती, मी इथून हलायची नाही. दोघींच्या कात्रीत वेल्डर सापडला होता. शेवटी ठरलं, दिवसा आईने शेडमधल्या खोलीत राहून पाहायचं. नाही सोसलं तर ताई घेऊन जाईल.

“ठोकाठोकीचा आवाज आत जाता कामा नये,” वेल्डर म्हणाला. “तिला झोप लागली पाहिजे, मिस्त्री.”

“नाही जाणार.”

शेडचे खांब कलते होते. ते वेल्डरनेच उभे केले होते, म्हणून मिस्त्री त्याबद्दल फार बोलला नाही. दिवसातून दोनदाच बोलला. खांबांचा नाद सोडून त्याने लाकडी चौकटी वेगळ्या उभ्या केल्या, ओळंबा लावून अगदी सरळ. पत्रा उन्हाने फुगतो, म्हणून वर अर्धा इंच जागा ठेवून तिथे फोमची पट्टी दाबली. चौकटींच्या पोटात आवाज शोषणारं ग्लासवूल, दोन्ही अंगांना जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर. सांध्यांवर जाळीची पट्टी, पुट्टी, घासणं, पुन्हा पुट्टी. दाराला रबर. मग वेल्डरला बाहेर हातोडा मारायला लावून तो आत जाऊन बसला. काहीही ऐकू आलं नाही. मिस्त्री चक्क हसला. आसपास कुणी नव्हतं, म्हणून चालून गेलं.

आठ दिवसांनी वेल्डर त्याच्या दारात उभा.

“आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. उशाशी बटण दिलंय, तर सारखी बाहेरची घंटी वाजवते. गेलो की म्हणते, काही नाही, जा. काल रडत होती. ताई रविवारी गाडी घेऊन येतेय.”

मिस्त्री गेला. आधी त्याने भिंतीचे सांधे पाहिले. ते ठीक होते. मग तो म्हातारीजवळ बसला.

“मावशी, गरम होतं का?”

“नाही रे. खोली छानच आहे.” मग म्हणाली, “पंचवीस वर्षं याच शेडमध्ये बसून मी खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांना रंग दिला. मागे याचा हातोडा चालू असायचा. तो ऐकला की कळायचं, पोरगं उभं आहे. इथे काहीच ऐकू येत नाही. मग नको नको ते मनात येतं.”

मिस्त्रीला वाईट वाटलं. म्हातारीसाठी वाटलं, आणि खरं सांगायचं तर भिंतीसाठीही. घरी जाऊन तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उशाच्या उंचीवर वीतभर चौकोन आखला, तीनदा मोजला, आणि स्वतःच्या हाताने भिंत आरपार कापली. कडेने लाकडी पट्टी बसवली. भोक झालं तरी कोपरे काटकोनातच हवेत.

रविवारी तो पट्टीला रंगाचा शेवटचा हात द्यायला गेला, तर वेल्डर गॅसचा सिलिंडर आणायला गेलेला. ताई आत आईपाशी बसून तिचे कपडे पिशवीत भरत होती. शेड गप्प होती. म्हातारीने दोनदा घंटी वाजवली.

मिस्त्रीने ब्रश ठेवला. आयुष्यात लोखंडावर त्याने कधी हातोडा उगारला नव्हता. एक तुकडा ऐरणीवर ठेवून त्याने ठोकायला सुरुवात केली.

“हा त्याचा हात नाही,” भोकातून म्हातारी म्हणाली.

मिस्त्री थांबला.

“थांबतोस कशाला? तो येईपर्यंत तुझा चालेल.”

तो ठोकत राहिला. खांदा भरून आला तसा त्याने हातोडा खाली ठेवला. लगेच भोकाशी ताईचा चेहरा आला.

“मिस्त्री, थांबू नका,” ती अगदी हळू म्हणाली. “झोपलीय ती.”

वेल्डर यायला अजून पाऊण तास होता. मिस्त्रीने हात बदलला.