लाइफबोटीच्या रंगाचा देव

आमच्या गावातले चौदा देव माझ्या हातचे आहेत. त्यांतला एकही मी मुद्दाम केलेला नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा मालवाहू जहाजावर सुकाणी होतो. सुकाणी म्हणजे साहेब सांगेल त्या दिशेला चक्र धरून उभा राहणारा माणूस. (दिशा मी ठरवत नसे. एवढं वाचकांनी आत्ताच लक्षात ठेवावं, पुढे उपयोगी पडेल.) हेदवीच्या अलीकडे आमचं गाव. दादा मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरात दोघंच असायची: आमचे वडील आप्पा, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि वहिनी, जिच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरही जात नसे.

आई गेल्यापासून आप्पा रोज सकाळी काठी घेऊन तळ्यावर जायचे. घरामागून पायवाट सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, चढते, पुढे दाट राई लागते आणि राईच्या पलीकडे तळं. काठाला जुना दगडी घाट, पडक्या देवळाचा चौथरा आणि तीन वीरगळ. कुठल्या लढाईत कोण पडलं ते गावात कोणालाच ठाऊक नाही. आप्पा म्हणायचे, "मी वीरगळ वाचायला जातो. इतिहासाचं काम आहे." दगडावर वाचण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं, पण मास्तरांना कोण विचारणार?

मग आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक गेला, दुसऱ्यालाही अंधुकच दिसेल. त्यातच एका सकाळी आप्पा शेजारच्या गंगारामकाकांच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, आपटले आणि गुडघा फोडून आले. वहिनीने काठी माळ्यावर टाकली. "तळ्यावर जायचं नाही, आप्पा. एकट्याने तर नाहीच नाही!"

मी रजेवर आलो तेव्हा आप्पा पडवीत राईकडे तोंड करून बसलेले होते. जेवायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे, पुन्हा जाऊन तिथेच बसायचे. ज्या माणसाच्या आवाजाने चार वर्ग गप्प व्हायचे, तो आता 'पाणी हवं' एवढंही सांगत नव्हता. मला ते बघवेना.

आणि मला स्वीडन आठवलं! त्याच वर्षी आमचं जहाज तिकडे दुरुस्तीला लागलं होतं. गोदीतला लार्स नावाचा फिटर एका रविवारी मला रानात फिरायला घेऊन गेला. सुरूसारखी उंच झाडं, मधोमध मोठं तळं, काठाने पायवाट. वाटेत नागमोडी अक्षरं कोरलेला एक जुना दगड आणि एका चर्चच्या नुसत्या भिंती. अगदी आमच्या राईसारखंच, फक्त डास जास्त. आणि सबंध वाटेवर झाडांना, दगडांना नारिंगी रंगाच्या खुणा! एक खूण संपली की पुढची दिसते. समोरून ऐंशीची एक आजी काठी टेकत एकटीच आली, मान हलवून पुढे गेली. मी विचारलं, "यांच्या सोबतीला कोणी नाही?" लार्स म्हणाला, "खुणा आहेत की."

ते मनात घेऊनच मी घरी आलो होतो, आणि बॅगेत होता लाइफबोटीच्या नारिंगी रंगाचा डबा. (बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, विचारून घेतलेला. एवढं विचारून केलेलं माझं या गोष्टीतलं हे शेवटचं काम.) हा रंग समुद्रात बुडणाऱ्याला मैलावरून दिसावा म्हणून केलेला असतो. मग आप्पांना दहा पावलांवरून का दिसू नये? माझी रजा संपायला तीन आठवडे होते. तेवढ्यात आप्पांना त्यांची वाट परत मिळवून द्यायची, असं मी ठरवून टाकलं.

पहिली खूण मारली गंगारामकाकांच्या हद्दीतल्या ऐनाच्या झाडावर. दुपारी काका कोयता घेऊनच अंगणात.

"अनंता! माजा ऐन कोनाला इकलास?"

"विकला? मी कशाला विकू?"

"मग रंग का मारलास? तोडनारा ठेकेदार येतो तो असाच रंग मारून जातो! दोन पिढ्यांचा झाड हाय ते!"

"काका, ती वाटेची खूण आहे. स्वीडनला अशाच खुणा असतात."

"सुडनवाल्यांना बोलव, त्यांना पन सांगतो मी!"

मी ऐन खरवडून दिला आणि झाडांचा नाद सोडला. दगड बरे, दगड कोणी विकत नाही. सड्याच्या कडेपासून तळ्यापर्यंत चौदा मोठे दगड निवडले, प्रत्येकाच्या तोंडावर वीतभर नारिंगी गोळा काढला आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन निघालो. प्रत्येक दगडाशी मी थांबायचो, विचारायचो, "आप्पा, दिसतोय का?"

"हा काय, दिसतोय की!"

चौदाच्या चौदा दिसले! आप्पा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होतो. घरी येऊन वहिनीला छातीठोकपणे सांगितलं, "काढा ती काठी खाली!" वहिनी म्हणाली, "गुडघा पुरता बरा होऊ दे. मग बघू."

दोन दिवसांनी पहिल्या दगडावर जास्वंदीचं फूल होतं. वाऱ्याने पडलं असेल म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी चौथ्या दगडापुढे नारळाची शकलं होती. वारा नारळ फोडत नाही. त्यात कोणाची तरी हरवलेली गाय सातव्या दगडापाशी चरताना सापडली आणि मग काही विचारू नका! उदबत्त्या आल्या, हळदकुंकू आलं, हिरवी चोळीसुद्धा आली. चोळी बघून दगड देव की देवी यावर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

मी धावत धोंडू गुरवाकडे गेलो. गावदेवीचा पुजारी तो, त्याने सांगितलं तर लोक ऐकतील.

"धोंडूबाबा, तो रंग आहे हो! जहाजाचा! मी मारलाय!"

धोंडूने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मारलास तू. पन मारून घेतला कोनी?"

शेवटी मीच म्हटलं, कौल लावा, देव 'पुसा' म्हणाला तर मी सगळे दगड पुसून टाकतो. सातव्या दगडाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर राहू द्यायचं, डावी पडली तर पुसायचं. सगळा गाव जमला. धोंडूने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा वाटोबा, ह्या लेकराच्या हातून काय चूकभूल झाली आसंल ती पदरात घे..." लोक म्हणाले, "होय महाराजा!" सगळे बघत होते, म्हणून मीही म्हणालो. कळी उजवी पडली. पडणारच! तो दगड उजवीकडे कलता आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? निवडलेला मीच, आठवलं मात्र कळी पडल्यावर. पण कौल मागितलेलाही मीच.

म्हणजे देवाला नावही मिळालं आणि माझे हातही बांधले गेले. पुढच्या आठवड्यात देव वाढले. गंगारामकाकांनी आपल्या गडग्याच्या टोकाला एका दगडाला शेंदूर फासला. (तिथे त्यांच्या हद्दीचा जुना वाद होता. आता तो दगड कोण हलवणार?) ते पाहून आणखी दोघांनी आपापले देव बसवले. माझ्या चौदा खुणा फुलांखाली गडप, आणि नसलेल्या वाटांवर नवे नारिंगी दगड. यातून आप्पा जाणार कसे? रजेचे चार दिवस उरले होते आणि मी आप्पांना सांगत होतो, "थांबा, काहीतरी करतो."

आप्पा थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वहिनी शेतावरून आली आणि पडवीतूनच ओरडली, "भाऊजी, आप्पा कुठे आहेत? माळ्यावरची काठी नाही!"

मी मागचं अंगण बघून आलो, तिथेही नव्हते. मग वहिनी एकच शब्द बोलली, "तळं." तिने लोकांना हाका मारायला सुरुवात केली आणि मी राईकडे पळत सुटलो.

इथे विनोद नाही. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, पाणी खोल होतं आणि त्या माणसाला फसव्या वाटेवर मी लोटलं होतं. मी देवांवरची फुलं उडवत पळत होतो. राईत वाटेला दोन फाटे, दोन्हीकडे नारिंगी दगड. मी डावा धरला. तो गंगारामकाकांचा देव निघाला. पुढे करवंदीच्या जाळ्या लागल्या. शर्ट फाटला, एक चप्पल गेली, मागे वळलो तर वाटच नाही. पुन्हा एक दगड दिसला, तिकडे गेलो; पुन्हा जाळी. तिसऱ्यांदा गंगारामकाकांच्याच दगडापाशी आलो तेव्हा कळलं की मी हरवलोय. अर्ध्या जगाच्या पाण्यावर चक्र धरलेला सुकाणी, घरापासून अर्ध्या तासावर, भर दुपारी!

मी खाली बसलो आणि रडलो. खरं लिहायचं तर त्या दगडापुढे हातही जोडले. "वाटोबा, आप्पांना सुखरूप ठेव. रंगाचं आपण नंतर बघू." मग जीव खाऊन ओरडलो, "आप्पाऽऽ!"

खालून मास्तरांचा आवाज आला. तोच, चार वर्ग गप्प करणारा. "अनंता! आहेस तिथेच उभा राहा! हलू नकोस!"

काठीची टकटक जवळ आली. आप्पा जाळी चुकवून, वाकून, सरळ माझ्यापुढे येऊन थांबले. अंगावर एक ओरखडा नाही.

"इथे काय करतोयस?"

"तुम्हाला शोधतोय."

"बरं. मी तळ्यावर होतो."

"पण आप्पा, खुणा सगळ्या फुलांनी झाकल्यात. तुम्हाला दिसल्या कशा?"

"त्या मला पहिल्या दिवशीही दिसल्या नव्हत्या रे. तू थांबायचास, मग मी 'दिसतोय' म्हणायचो. तू एवढं उन्हातान्हात रंगवलंस, आणि तुझ्या वहिनीलाही पटायला हवं होतं."

"मग वाट?"

"साठ वर्षं चालतोय. पडलो तो गंगारामाने मधेच नवा गडगा घातला म्हणून. आता त्याचाही अंदाज आलाय." मग हळूच म्हणाले, "वीरगळ वगैरे काही वाचत नाही मी. तुझी आई धुणं घेऊन त्या घाटावर बसायची ना, त्या पायरीवर बसतो. बरं वाटतं."

आप्पांनी काठीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "धर घट्ट. डाव्या हाताला खड्डा आहे."

असे आम्ही राईतून बाहेर पडलो, पुढे डोळ्यांनी अधू आप्पा आणि मागे काठी धरून मी. सड्यावर सगळा गाव उभा होता. धोंडू गुरवाने दोन्ही हात वर केले. "वाटोबानं मास्तरांना परत आनला!" मी तोंड उघडलं तेवढ्यात आप्पांनी काठी खेचली आणि पुटपुटले, "गप्प बस. देव राहिला तर मला कोणी अडवणार नाही."

आणि तसंच झालं. दुसऱ्या सकाळी वहिनीने स्वतः काठी पुसून आप्पांच्या हातात दिली, वर ओंजळभर जास्वंदी दिली. "देवाच्या वाटेला जाणाऱ्या माणसाला मी कशी अडवू?" मी जहाजावर परतलो. आप्पा पुढे चार वर्षं, शेवटच्या आजारपणापर्यंत, रोज तळ्यावर गेले. फुलं ते वाटोबाला वाहत नसत. आईच्या पायरीवर ठेवून येत.

वाटोबा अजून आहे. रंग टिकलाय, लाइफबोटीचाच तो. मी ज्या दगडापाशी रडत बसलो होतो, तो गंगारामकाकांचा, हरवलेल्याला परत आणतो अशी त्याची ख्याती आहे. आमच्याकडची खलाशी मुलं बोटीवर जाण्याआधी तिथे नारळ फोडतात. मीही नोकरीत होतो तोवर दर खेपेला फोडला, खरं काय ते कोणाला न सांगता. फक्त जाताना कोणाला तरी बरोबर न्यायचो. लोकांना वाटायचं, केवढी भक्ती, चार माणसं जोडून जातो! पण एकट्याने गेलो तर मला अजून ती वाट सापडत नाही.