बोलावणं नसलेला सण

आमंत्रण आल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हे बाळकडू मला इतकं पक्कं पाजलंय की सख्ख्या मेव्हण्याच्या वास्तुशांतीलाही "फोनवर नीट बोलावलं नाही" म्हणून मी घरी बसून राहिलो होतो. याच स्वभावापायी रियाधमध्ये मी एका सर्बियन माणसाला दुखावलं.

तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. माझा आखडलेला खांदा त्यानेच आपल्या घरी सोडवला, आणि सोडवताना मी काढलेले आवाज भिंतीपलीकडे माझ्या बायकोने चवीने ऐकले. मागच्या डिसेंबरात खांदा पिरगाळता पिरगाळता त्याने मला चार वेळा सांगितलं, एकोणीस तारखेला आमच्या घरी स्लावा आहे. सर्बांत प्रत्येक कुळाचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे येणारा. वर्षातून एक दिवस त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची, गहू शिजवायचे, माणसं जेवू घालायची. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्या कुलदैवतासारखंच झालं. तो खूश झाला आणि मी आमंत्रणाची वाट बघत बसलो. ते आलं नाही. एकोणीसला दिवसभर त्यांच्या स्वयंपाकघरातून तळलेल्या माशांचा वास येत राहिला, आणि चार वेळा सांगणाऱ्याला एकदा बोलावता येत नाही, अशी धुसफूस करत मी आमटीभात जेवलो.

दुसऱ्या दिवशी त्याने कोरडेपणाने विचारलं, काल बरं नव्हतं का? मी ताठ मानेने म्हणालो, तू बोलावलं नव्हतंस.

"स्लावाला बोलावत नाहीत," तो म्हणाला. "ज्याला दिवस माहीत असतो, तो येतो. म्हणून तर तुला दिवस सांगितला."

घरधनी त्या दिवशी बसत नाही, पाहुण्यांना उभ्याने वाढतो. वाढायला कुणीच नसताना तो संध्याकाळपर्यंत मांडलेल्या टेबलाशी उभा होता. हे मला त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. त्या रात्री आमटीभातसुद्धा गेला नाही.

या वर्षी उन्हाळ्यात त्याचे वडील गेले. गावाहून परतताना त्याने संताची तसबीर कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणली. आजोबांच्या काळात, कम्युनिस्ट राजवटीत, देवाधर्माचं नाव काढलं तर नोकरीवर गदा यायची, तेव्हा त्यांनी पडदे ओढून स्लावा केला. वडिलांनी एक वर्षही चुकवलं नाही. आता पाळी आपली, असं तो सांगत होता. या वर्षी माझा दुसरा खांदा आखडला होता, आणि सांगताना तो जरा जास्तच दाबत होता. आणि कुणी आलं नाही तर, मी विचारलं.

"तरी गहू शिजतील," तो म्हणाला.

तिथेच मी ठरवलं, यंदा जायचंच, आणि एकट्याने नाही. कॉलनीत दोन मराठी घरं आहेत. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, त्यांनी बोलावलंय का? मी म्हणालो, नाही, बोलावणारही नाहीत, म्हणूनच जायचं. खांद्याचं दुखणं डोक्यात चढलेल्या माणसाकडे बघावं तसं सगळे माझ्याकडे बघू लागले. बघू, म्हणाले.

खरी अडचण घरातच निघाली. एकोणीसला गुरुवार होता, तोही मार्गशीर्षातला, म्हणजे बायकोचं महालक्ष्मीचं व्रत. शेजाऱ्यांचाही उपासच, कारण नाताळाआधीचे चाळीस दिवस ते दूध, अंडी, मांस वर्ज्य करतात. पण त्या दिवशी मासे चालतात. मी पडलो कोकणातला. असला उपास वर्षभर करायची माझी तयारी होती.

"अहो, मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी माशांच्या ताटाशी बसू?" बायको म्हणाली.

मी वाद घातला नाही. वडिलांनंतरचा त्याचा हा पहिला स्लावा आहे, एवढंच सांगितलं. माझी आई गेल्यावर आमच्या घरचा कुळाचार हिच्या हाती आला, त्या वर्षी पुरण बिघडेल या धास्तीने ही पहाटेपासून रडत होती. ती थोडा वेळ भांडी लावत राहिली.

"साडेसहाला आरती उरकू," मग ती म्हणाली. "त्यांना दूधतूप चालत नाही, तर खोबऱ्याच्या वड्या नुसत्या पाकात करते. आणि तुम्ही माशाकडे बघायचंसुद्धा नाही."

गुरुवारी सात वाजता आम्ही तिघं त्याच्या दाराशी होतो. मुलगी तिच्या शाळेतल्या हिंदीत पुटपुटत होती, "बाबा, कितना ऑकवर्ड है, उन्होंने बुलाया भी नहीं." दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो उभा होता. आत तसबिरीपुढे उंच मेणबत्ती, भरलेलं टेबल आणि एकटी त्याची बायको. आधी त्याने गव्हाची वाटी पुढे केली. शिजवून, वाटून, अक्रोड आणि साखर घातलेले गहू. माझ्या बायकोने चमचाभर खाल्लं आणि त्याच्या बायकोला मराठीतच सांगितलं, ही आमची खीरच, फक्त दूध राहिलंय. तिला काय कळलं देव जाणे, पण तिने वाटी पुन्हा भरली. तेवढ्यात दोन्ही मराठी घरं लाजत लाजत आत आली.

मग त्याने नक्षी काढलेला गोल पाव उचलला. त्यावर वाइन शिंपडतात, इथे दारूबंदी, म्हणून द्राक्षाचा रस. पाव दोघांनी धरून तीन वेळा फिरवायचा असतो, आणि गावाकडे समोरची बाजू त्याचे वडील धरायचे. तिथे वडीलधारं माणूस हवं, म्हणाला. कोण आहे म्हणून मी मागे वळून पाहिलं, तर सगळे माझ्याकडेच बघत होते.

"मला तुमची प्रार्थना येत नाही," मी म्हणालो.

"ती मी म्हणतो. तू सोडू नकोस."

तिसऱ्या फेरीला त्याचा आवाज अडकला. मी पाव धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने तो पुढचं म्हणू लागला.