इंदूताई बोटीवर काय जेवल्या

दवाखान्यात मी शेवटचं भेटले तेव्हा इंदूताईंचं तोंडानं खाणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि डोळे मात्र शेजारच्या खाटेवर. तिथल्या बाईसाठी घरून डबा आला होता. झाकण उघडलं तशी ताईंनी मान वळवली आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, “काय आनलं वं आज?” ती बाई ओशाळली. बाजूच्या माणसाला पाण्याचा घोटही घेता येत नाही आणि आपण जेवायचं म्हणजे... ती डबा पुन्हा झाकायला लागली. “झाकू नको, बाप्पा. मेथी हाये ना? डाळ टाकली का शेंगदाने?” डाळ टाकली आहे, असं ती म्हणाली. “हाव, मंग बरोबर. वास वेगळाच येऊन राह्यला.” एवढ्या बोलण्यानंही त्यांना धाप लागली. मी त्यांचं कपाळ पुसलं, थोडा वेळ हात धरून बसले आणि संध्याकाळी घरी आले. त्यानंतर काही दिवसांनी सकाळी त्यांच्या सुनेचा, वंदनाचा, आसेगावहून फोन आला. “काकू, आई गेल्या...” एवढंच ती बोलू शकली.

इंदूताई माझ्या मोठ्या जाऊबाई. मी अकोल्याहून लग्न होऊन आसेगावच्या त्या घरात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. त्यांनी मला ती शिकवली आणि त्याबद्दल कधी चारचौघांत टोमणाही मारला नाही. पुढे मला वाशीमच्या शाळेत नोकरी लागली, आम्ही तिकडे बिऱ्हाड केलं, पण सणवार, पिकाची सोंगणी, लग्नकार्य सगळं आसेगावलाच. त्या घरात आधी पुरुषमंडळी जेवत, मग पोरं, आणि शेवटी आम्ही दोघी. आम्ही बसायचो तेव्हा भांड्यात जे राहिलं असेल ते आमचं. यात कुणी आमच्यावर जुलूम करतंय असं आम्हाला वाटत नव्हतं. घर तसं चाललेलं होतं, एवढंच.

ताईंना चौकशीची मात्र भारी हौस. वाशीमच्या बाजारात माझ्याबरोबर आल्या की एक पिशवी भाजी घ्यायला अख्खी दुपार जायची. हे कुठून येतं, याला फूल कोणत्या रंगाचं येतं, तुमच्याकडे याचं काय करतात... विकणारे आधी वैतागायचे आणि मग स्वतःच उत्साहानं सांगत बसायचे. घेताना मात्र त्या घ्यायच्या ते मोठ्या भाऊजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, चालेल, पोरांना आवडेल तेवढंच. हे माझ्या लक्षात यायला मला समुद्रावर जावं लागलं.

त्याचं असं झालं, की त्यांची मुलगी मनीषा पुण्यात नोकरी करते. आईबाबांनी कधी काही पाहिलं नाही म्हणून तिनं हौसेनं दोघांसाठी मोठ्या बोटीची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, कोचीपर्यंत जायचं, परत यायचं. तिला स्वतःला सुट्टी नव्हती. म्हणून मला म्हणाली, “काकू, तुम्ही बरोबर जा. तुम्हाला इंग्रजी येतं, आणि आईला तुमच्याशिवाय करमणार नाही.” माझे यजमान गेल्यापासून मी कुठेच गेले नव्हते. मी हो म्हटलं. बोटीवर रात्रीच्या जेवणाचे दोन प्रकार होते. खालच्या मजल्यावर मोठा थाटाचा हॉल, तिथे आपलं ठरलेलं टेबल, अंगावर चांगले कपडे हवेत, आणि एकेक पदार्थ वेटर आणून वाढणार. नाहीतर सगळ्यात वरच्या मजल्यावर बुफे. तिथे पायात चप्पल असली तरी कोणी काही म्हणत नव्हतं, ताट घ्यायचं आणि हवं ते वाढून घ्यायचं. मनीषाकडून हे कळल्यामुळे मोठ्या भाऊजींनी जायच्या आधीच वाशीमला नवा कोट शिवून घेतला होता. भाऊजी एकेकाळचे सरपंच. मानपान त्यांना कळतो आणि आवडतोही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं खालच्या हॉलमध्ये गेलो. पांढरंशुभ्र टेबल, त्यावर ग्लासांची आरास, वेटरनं ताईंच्या मांडीवर स्वतःच्या हातानं रुमाल अंथरला. भाऊजी कोटात फार रुबाबदार दिसत होते. मला आठवतं, मी मनाशी म्हटलं, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे दोघं समोरासमोर बसून जेवतायत ते आज पहिल्यांदाच. मी कार्डावरची नावं वाचून मराठीत सांगत होते. भाऊजींनी सूप सांगितलं, मग भाजी सांगितली, आणि प्रत्येक वेळी पुढे जोडलं, “हिले बी थेच.” ताईंनी आलं ते सगळं निमूट संपवलं.

दुसऱ्या संध्याकाळी भाऊजी कोटाची बटणं लावत होते आणि ताई साध्या सुती लुगड्यात खाटेवर बसून होत्या. “मी वर जेवतो आज,” त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, मी जेवतो, मी जातो. भाऊजींना वाटलं त्यांना बरं नाही. “काहून? काय झालं?”

“काई नाई झालं. तुमी जा ना खाली.”

“अन् लोकं काय म्हनतीन? याची बायको कुठी हाये?”

“समुद्रात कोन ओयखते आपल्याले?”

भाऊजी एकटेच खाली गेले. मी ताईंबरोबर वर गेले, कारण दिराबरोबर दोघांनीच टेबलावर बसायचं हे मला जमण्यासारखं नव्हतं. लिफ्टमध्ये मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, काटेचमचे फार आहेत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, हॉल थंडगार आहे. मग म्हणाल्या, माणूस पाठीशी उभा राहिला की घास गिळत नाही. तिन्ही कारणं खरी असतील, पण त्यांतलं एकही मला पुरेसं वाटेना. पहिल्या दिवशी काटेचमचे त्यांनी माझ्यापेक्षा सफाईनं वापरले होते.

वर त्यांची एक पद्धत ठरून गेली. आधी ताट घ्यायचंच नाही. हात मागे बांधून, शेतावर पीक पाहायला निघाल्यासारखी, ती सगळी लांबलचक रांग त्या पायी फिरायच्या. प्रत्येक झाकण उचलून आत पाहायच्या. तिथल्या आचाऱ्याला आपल्या हिंदीत विचारायच्या, “भैया, इसमें क्या डाला?” तोही खुशीनं सांगायचा. मग ताट घेऊन एका वेळी एकच पदार्थ, तोही चमचाभर. खायचा, डोळे बारीक करून थोडं थांबायचं, आणि पुन्हा उठायचं. एकदा त्यांनी काळं गोल काहीतरी तोंडात टाकलं आणि चेहरा असा काही झाला की मला हसू आवरेना. “हे बोर खारवलं काहून यायनं?” ते ऑलिव्ह होतं. पण दोन फेऱ्यांनंतर त्या पुन्हा त्याच्याचकडे गेल्या. “माहं चुकलं असंन. अजून एक पाहतो.” नाही, दुसऱ्यांदाही ते त्यांना आवडलं नाही. दह्यात कालवलेलं थंड बीट मात्र त्यांनी तीनदा घेतलं. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती बाईंना तर त्यांनी ते आग्रहानं खायला लावलं, जणू स्वतःच केलं होतं.

असेच दोन दिवस गेले. भाऊजी आमच्याशी मोजकंच बोलत होते. चौथ्या संध्याकाळी आम्ही खिडकीजवळ बसलो होतो. बाहेर समुद्रावर ऊन उतरत होतं. तेवढ्यात भाऊजी समोर येऊन उभे राहिले. अंगात कोट, कपाळावर घाम, आणि भोवती बर्मुडे घातलेली माणसं ताटं घेऊन फिरतायत. “थो वेटर रोज इचारते, मॅडम कुठी हाये म्हनून. काय सांगू मी त्याले? मी एकटा बसतो तिथं कोट घालून... तुले माह्यासंगं बसाची लाज वाटते का?” त्यांचा आवाज चढला नव्हता, तो कापत होता. भाऊजींना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

ताई सवयीनं उठल्या. नवरा जेवायला आलाय, वाढायला हवं, हे त्यांच्या पायांनाच ठाऊक होतं. अर्ध्या उठल्या आणि थांबल्या. मग पुन्हा खुर्चीत बसल्या. “लाज कायची? बसा ना. ताटं तिकडं हायेत. आपल्या हातानं घ्या.” मी उठायला लागले तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

भाऊजी गेले. रांगेत त्यांना ताट कुठून घ्यायचं ते कळेना, एका पोरीनं दाखवलं. बऱ्याच वेळानं ते दोन ताटं सांभाळत परत आले. एक ताईंसमोर ठेवलं. ताटभर भरली वांगी होती. आपल्या माणसासाठी आपण काहीतरी आणलं याचं एक वेगळंच समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. “घे. वांगे हायेत. आपल्या इकडच्यासारखेच दिसतेत.”

ताई त्या ताटाकडे पाहत राहिल्या. “मले वांगं आवडत नाई,” त्या म्हणाल्या.

भाऊजी हसले. मीही हसले. आसेगावात लग्न असलं की वांग्याच्या भाजीला मसाला किती घालायचा हे इंदूताईंना विचारून ठरायचं. पण त्या हसल्या नाहीत. “खरंच सांगून राह्यली. पयल्यापासून नाई आवडत.”

“मंग इतके वर्स?”

“तुमाले आवडे. मामंजीले आवडे. तुमच्यासाठी रांधलं. अन् मांग जे उरलं, थे खाल्लं.”

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, “मंग काय आवडते तुले?”

ताईंनी त्या लांबलचक रांगेकडे पाहिलं. “थेच तर पाहून राह्यली,” त्या म्हणाल्या. “खाली कागदावर नुसते नावं असतेत. तुमी सांगता अन् माह्यासमोर येते. इथं मले दिसते सारं. वास घेतो, इचारतो, मंग हात लावतो. मले मालूमच नाई ना, मले काय आवडते थे.”

ताईंच्या ताटातली वांगी भाऊजींनी एकेक करून आपल्या ताटात घेतली. सगळी उचलून झाल्यावर त्यांनी मान वर केली. “थे लाल लाल काय खात होती तू?”

“बीट हाये. दह्यातलं. पाह्यता?”

उरलेल्या संध्याकाळी कोट कपाटातच राहिला. दोघं मिळून रांगेतून फिरायचे, ताई पुढे, भाऊजी मागे. कोरी, बिनसाखरेची कॉफी ताईंना आवडते हा शोध शेवटच्या दिवशी लागला. जन्मभर गोड, दाट चहा प्यालेली बाई! तो कडू कप त्यांनी दोन्ही हातांत धरून सावकाश संपवला आणि म्हणाल्या, “तोंड साफ झालं, बाप्पा.” अननस आवडला, पास्ता नाही, चीज तर अजिबातच नाही. भाऊजी हे सगळं लक्षात ठेवत होते, हे तेव्हा आम्हाला दोघींनाही कळलं नाही.

घरी आल्यावर ताईंनी कुणाला काही भाषण दिलं नाही. फक्त पहिल्याच दिवशी भाकरीची टोपली, भाजी, वरण, सगळं खोलीच्या मधोमध आणून ठेवलं आणि वंदनाला म्हणाल्या, “तू बी बस आता. ज्याले जे लागते थे घेईन.” आम्ही सगळे गोल करून बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण भाऊजीच आधी हात लांब करून वाढून घ्यायला लागल्यावर कोण काय बोलणार? वांगी होतच राहिली. त्या दिवशी ताई आपल्यापुरतं वेगळं काही करून घ्यायच्या. पुढची काही वर्षं त्यांनी त्या स्वयंपाकघरात जे जे करून पाहिलं ते सांगत बसले तर पान पुरणार नाही. सगळंच काही चांगलं होत नसे. संत्र्याच्या सालीची चटणी आम्ही सगळ्यांनी गुपचूप गाईला घातली होती.

तेरवीच्या दिवशी अंगणात गावजेवणाची भांडी चढली होती. आत वंदना तिच्या सासूच्या नावाचं पान वाढायला बसली. गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं असतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, “वांगं वाढ वं पयले. तिच्या हातच्या वांग्यासारखं वांगं...” भाऊजी दारात उभे होते. “वांगं नोका ठेवू,” ते म्हणाले. मग त्यांनी एकेक सांगितलं. दह्यातलं बीट. अननसाची फोड, पण पिकलेली, आंबट नको. मेथी, डाळ टाकलेली. कोरी कॉफी, साखर घालू नका. मनीषा ऐकता ऐकता रडायला लागली. यातलं अर्धं तिलाही माहीत नव्हतं. तिनं विचारलं, “अजून काय, बाबा?” भाऊजींनी थोडा विचार केला. “बाकीचं तिले बी मालूम नव्हतं. पाहनं चालूच होतं तिचं...”

गेल्या आठवड्यात मी आसेगावला गेले होते. भाऊजी एकटेच स्वयंपाकघरात होते. मानोऱ्याच्या बाजारातून त्यांनी एक ड्रॅगन फ्रूट आणलं होतं, ते विळीवर कसं धरावं याचा विचार करत बसले होते. “हे तिनं कधी खाल्लं नव्हतं,” मला म्हणाले. “म्हटलं, पाहावं.” मी ते कापून दिलं. आत पांढरा गर आणि तिळासारख्या काळ्या बिया. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, डोळे बारीक केले, थोडं थांबले.

“तिले नसतं आवडलं हे,” ते म्हणाले. मग दुसरी फोड उचलली, तीही खाल्ली, आणि स्वतःशीच आश्चर्य वाटल्यासारखं म्हणाले, “मले आवडलं.”