मंगलाची कॉट रिकामी नाही

मी पुण्याला निघाले त्या दिवशी माईकडे मला पोहोचवायला वेळ नव्हता. सावलीजवळच्या आमच्या गावात भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू होता आणि बायांच्या टोळीने एका मोठ्या बांधीचा, अख्ख्या खाचराचा, गुत्ता घेतला होता. म्हणजे सगळ्यांनी मिळून बांधी त्याच दिवशी रोवून द्यायची, मग कोणी किती रोवलं ते मालक बघत नाही. एसटी शेताच्या कडेनेच जाते, म्हणून मी बॅग घेऊन फाट्यावर उभी राहिले. माई कोपरापर्यंत चिखलाने भरलेल्या हातांनी धावत आली. "मले थांबाले वेळ नाई बापा, माह्या पातीवर सयाबाई लागली हाय," म्हणाली; तिच्या वाट्याची ओळ तेवढा वेळ शेजारची बाई रोवत होती. माझा नवा ड्रेस खराब होऊ नये म्हणून तिनं मला नुसत्या दंडांनी जवळ ओढलं, "पोहचली का फोन करजो" सांगितलं आणि गाडी यायच्या आत परत बांधीत उतरली. एकुलती एक लेक चाललीय आणि हिला रोवण्याची पडलीय, या रागात मी चंद्रपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही.

गुत्त्याची रीत तुम्हा गावात राहिलेल्यांना सांगायला नको. पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींसाठी लिहिते. रोवताना एखादीचं पोट दुखून आलं तर तिनं तसं सांगायचं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचं. तिच्या वाट्याची पात बाकीच्या ओढतात. संध्याकाळी तिचा हिस्सा कोणी कापत नाही, कारण उद्या पोट दुसरीचं दुखणार असतं.

पुण्यात मी एका दवाखान्यात नर्स म्हणून लागले आणि तिघी मिळून एक फ्लॅट घेतला. मी, कुरखेड्याकडच्या गोंड घरातली मंगला आणि साताऱ्याची दीपाली. मंगला लॅबमध्ये होती, दीपाली ऑफिसात हिशेब बघायची. दोन वर्षांच्या ॲग्रीमेंटवर सही करताना दीपालीनं पेन खाली ठेवलं. त्यात लिहिलं होतं की भाड्याची जबाबदारी तिघींची एकत्र. एकीनं दिलं नाही तर उरलेल्यांनी भरायचं. "म्हणजे उद्या ही पळून गेली तर मी का भरू?" तिनं मंगलाकडे बोट करून थेट विचारलं. आम्ही दोघी फिदीफिदी हसलो. "हा तं गुत्ता झाला वं!" मंगला म्हणाली. दीपालीला ती रीत समजावून सांगितली, तरी सही करताना तिचं तोंड कारल्याचा रस प्याल्यासारखं होतं.

वर्ष बरं गेलं. सकाळी दीपालीची भाकरी, रात्री आमचा भात, मध्ये बाथरूमच्या नंबरावरून भांडणं. मग मंगलाची लॅब बंद पडली आणि तिनं आम्हाला सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायची, काम शोधत फिरायची, साठवलेल्यातून भाडं द्यायची. एके दिवशी मी ड्यूटीवरून आले तर तिची कॉट साफ होती आणि मोबाईलवर मेसेज होता, 'काम सुटलं. तुमच्या जीवावर बसून खावाले बरं नाई वाटत. माह्या जागी दुसरी पोरगी पाहून घ्या.'

घरमालक काका सरळ बोलले. भाडं पूर्ण पाहिजे, नाहीतर तिसरी आणा, तेही नाही तर घर सोडा. तिसरी मुलगी मिळायला अडचण नव्हती. एक तर दुसऱ्याच दिवशी बघायलाही आली. तिनं मंगलाच्या कॉटवर पर्स ठेवली आणि दीपालीनं ती उचलून तिच्या हातात दिली. "सॉरी, ही जागा रिकामी नाही. ॲग्रीमेंटमध्ये तिचं नाव आहे. देणं तिचं असेल, तर कॉटही तिचीच आहे."

मी बघतच राहिले. जी अट वाचून ही बाई घाबरली होती, तीच अट आता दारात आडवी लावून ती उभी होती. दीपालीनं रविवारचं काम धरलं, मी जास्तीच्या नाइट घेतल्या आणि आम्ही मंगलाची पात ओढायला लागलो. त्या दिवसांत मला माई फार आठवली. एक बाई दोघींचं रोवत असताना माईला फाट्यावर थांबता कसं आलं असतं? माझा राग कुठल्या कुठं गेला.

मंगला मात्र फोन उचलेना. शेवटी मी तिच्या भावाच्या नंबरावर लावला तेव्हा सापडली.

"काऊन गेली न सांगता?"

"काय सांगू? बसून खाऊ का तुमचं?"

"तुही माय, रोवण्यात पोट दुखून आलं तं, कोनाले न सांगता घरी पळून जाते का?"

तिनं पलीकडे कोंबड्या हाकलल्या. मग मंगला म्हणाली, "नाई. सांगते अन् धुऱ्यावर बसते."

"मंग ये, अन् बस. आम्ही रोवून राह्यलो."

ती आली. तांदळाचं पोतं आणि वाळलेली मोहफुलं घेऊन आली. दीपालीनं तिला आधी मनसोक्त शिव्या दिल्या, मग चहा दिला. काम मिळेपर्यंत मंगला घरात बसली आणि बसणं किती जड असतं ते मी तिच्याकडे बघून शिकले. पुढे दीपालीच्या वडिलांचं ऑपरेशन झालं आणि ती साताऱ्याला अडकली, तेव्हा तिची पात कोणी ओढली हे सांगत बसत नाही. या दोघींचं मला फार कौतुक वाटतं. तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते.

परवा करार संपला. काका म्हणाले, "या वेळी तिघींचे वेगवेगळे करार करू. ज्याचं त्यानं द्यायचं, कुणाचं ओझं कुणावर नको." सोयीचंच होतं. दीपालीनं माझ्याकडे पाहिलं, मी मंगलाकडे.

"नाई काका, एकच राहू द्या," मंगला म्हणाली. "वेगवेगळं केलं तं एखादी निघून जाईन अन् कोनी इचारनार बी नाई."

तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता, तिकडं घर झालं का म्हणून. झालं. जिथून न सांगता गेलं तर कोणीतरी हक्कानं रागावतं आणि परत बोलावतं, ते घर. असं एक गावाला होतंच. दुसरं इथं आहे.