एबनेझर साळव्यांचा शनी

शिरूरच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं गाड्यांखाली झोपून काम केलेले मेकॅनिक एबनेझर साळवे निवृत्त झाले, तेव्हा पुण्याच्या लेकीनं, ग्रेसनं, त्यांना दुर्बीण भेट दिली. "पप्पा, आता जरा वर बघा," म्हणाली.

साळव्यांनी ती परसात मांडली. पहिल्याच संध्याकाळी चंद्र दिसला, खड्ड्याखळग्यांसकट. "ह्याच्यापरीस न्हावऱ्याचा रस्ता बरा," ते बायकोला, कृपाबाईंना, म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की चंद्र उलटा दिसतोय. अशा दुर्बिणीतून तसंच दिसतं, हे सोबतच्या कागदावर छापलेलं होतं; पण कागद वाचून काम करतील तर ते साळवे कसले? त्यांनी पाना काढला.

"नवी वस्तू हाय वं!" कृपाबाई कळवळल्या.

"फिटिंग चुकलंय."

दुर्बीण खोलून परत जोडली. चंद्र उलटाच राहिला, वर धुरकटही झाला. आतला आरसा हलला होता. पुढं बारा दिवस साळवे मागचे तीन स्क्रू पाव-पाव आटा फिरवत बसले. गाडी असती तर अहमदनगर रोडला ट्रायल मारून आले असते. इथं तीही सोय नव्हती.

तेराव्या संध्याकाळी आरसा एकदाचा जागेवर बसला, आणि शेजारच्या रंगुबाईंच्या गच्चीवर पिवळा ठिपका चमकला. साळव्यांनी नळी तिकडं वळवली. दहा मिनिटांत रंगुबाई फाटकात हजर.

"भाऊ, माझी सून वर कपडे काढतीया आन् तुम्ही तोफ लावून बसलाय? वय काय तुमचं!"

कृपाबाईंनी रंगुबाईंना धरून स्टुलावर बसवलं. "आधी बघा, मग भांडा."

रंगुबाईंनी डोळा लावला. मग उठून त्या नळीच्या तोंडात डोकावल्या, आत कुणी चित्र चिकटवलंय का ते बघायला.

"कडं घातलेलं ह्ये कोण?"

"शनी," साळवे पुटपुटले.

रंगुबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. "आधी सांगायचं न्हाई व्हय! त्यानं बघितलं का माझ्याकडं?"

"उलटा दिसतोय न्हवं? मग पाठमोरा हाय म्हणा," कृपाबाई म्हणाल्या.

रंगुबाईंना ते पटलं. त्या पुन्हा स्टुलावर बसल्या आणि तिथूनच ओरडल्या, "तेजश्री, कपडे ऱ्हाऊ दे, पळत ये!"

सून आली. तिच्यामागं कृपाबाईंनी नंबर लावला, त्यांच्यामागं साळवे उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा शनी रंगुबाईंच्या पाण्याच्या टाकीमागं गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते चार वाजताच स्टुलावर जाऊन बसले.